सैल दोरीची अट

१९६८ साल. कोयनेचा भूकंप होऊन महिना उलटला होता, तरी आमच्या जतमध्ये कुणाच्या हातून पातेलं पडलं की माणसं अजून दाराकडे धावायची. त्या जानेवारीत कोल्हापूरच्या माईसाहेब इंगवले आपल्या मुलासाठी मला बघायला आल्या. जीपमधून उतरल्या, पदर सारखा केला, आणि घरात न येता तडक चिंचेखाली बांधलेल्या पाऱ्याकडे गेल्या.

मी नवी साडी नेसून, पोह्यांच्या बशा भरून, खिडकीच्या गजांआडून बघत होते. त्यांनी पाऱ्याचा ओठ वर करून दात बघितले, खांदे चाचपले, मागं जाऊन वाकून पायांची ठेवण बघितली. पारा म्हणजे आमचा कारवान कुत्रा. पिवळसर अंगाचा, शिडशिडीत, लांब तोंडाचा, सशामागे सोडला की माळावर नुसती धूळ दिसायची. परक्यानं हात लावलेला त्याला खपत नसे. पण माईसाहेबांपुढे तो शाळेत साहेब तपासणीला आल्यासारखा उभा राहिला.

"आप्पासाहेब, कुत्रा झकास आहे," त्या माझ्या वडिलांना म्हणाल्या. "कुणी वाढवला?"

"कुमुदनं. याची आई गेली तेव्हा याचे डोळेसुद्धा उघडले नव्हते. कापसाच्या वातीनं दूध पाजलंय हिनं."

"कुठाय ती?"

अशी माझी पाळी आली.

मी बाहेर आले, पाया पडले. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही. "याला दोरीवर चालवतेस का?" म्हणाल्या. जीपला टेकून उभा असलेला त्यांचा मुलगा, जयसिंग, खाली बघून हसला. तो साखर कारखान्यात केमिस्ट होता, आणि आईच्या अशा प्रश्नांची त्याला सवय असावी.

माईसाहेबांना कुत्र्यांच्या प्रदर्शनाचा नाद होता. त्यांच्या कैसर नावाच्या अल्सेशियननं कोल्हापूरच्या प्रदर्शनात लागोपाठ दोन वर्षं पहिला नंबर काढला होता. तिथला फिरता करंडक सलग तिसऱ्यांदा जिंकला की कायमचा घरी ठेवायला मिळे, आणि मार्चमध्ये ते तिसरं प्रदर्शन होतं. हे सगळं त्यांनी पोहे खाताखाता सांगितलं. मग म्हणाल्या, "बाकी आमची काही मागणी नाही. मुलगी पसंत आहे. तुम्ही मुहूर्त बघा."

आप्पांचा चेहरा उजळला. आणि मी, कुणी काही विचारलेलं नसताना, म्हणाले, "पारा माझ्याबरोबर येणार."

आप्पांच्या हातातली बशी वाजली. भूकंप नव्हता.

"अगं ए," आप्पा म्हणाले, "मुलीनं सासरी कुत्रं न्यायचं असतं का कुठं?"

"मग तो जाणार कुठं?"

आई नव्हतीच. माझं लग्न झालं की आप्पा ठाण्याला दादाकडे, त्याच्या दोन खोल्यांत राहायला जाणार होते. पाऱ्याला माडग्याळचे मामा न्यायला तयार होते, पण त्यांच्या दारातली कुत्री जन्मभर साखळीला असत. पळण्यासाठी जन्मलेलं जनावर हातभर साखळीत गोल गोल फिरताना मी तिथं बघितलं होतं.

माईसाहेबांनी बशी खाली ठेवली. "चालवून दाखव."

मी दोरी हातात घेतली. पाऱ्यानं लगेच अंग ताणलं आणि नांगराला जुंपल्यासारखा मला ओढायला लागला.

"दोरी सैल सोड," त्या म्हणाल्या. "असं ओढत नेणं म्हणजे चालवणं नव्हे. दोरी सैल पाहिजे, आणि कुत्रा तुझ्याबरोबर पाहिजे."

मी सैल सोडली. समोरून शेजारणीची कोंबडी चालली होती. पुढं काय झालं ते मला दिसलंच नाही, कारण मी पालथी पडले होते. कोंबडी कुडावर, पारा कुडाखाली, आणि दोरी माझ्या हातातून निसटलेली.

माईसाहेब पोट धरून हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "हे बघ कुमुद. माझ्या घरात दारामागं बांधून ठेवायची कुत्री नाहीत. माणसांत वावरतात ती. मार्चच्या प्रदर्शनात याला आण. शेवटच्या रिंगणात सगळे मिळून पळवतात, त्या फेरीत याला सैल दोरीवर एक चक्कर पुरी करून दाखव. नंबर नको मला. चक्कर पुरी झाली तर कुत्रा तुझ्या मागोमाग उंबरठा ओलांडेल. नाही झाली तर तू एकटी ये."

"आणि शेवटच्या रिंगणात आम्हाला घेतलंच नाही तर?"

"घेतील की. कारवानात दुसरा कुत्राच येत नाही. आपल्या गटात हा आपसूक पहिला!"

जीप निघताना आप्पा कपाळाला हात लावून बसले होते. मी मात्र त्याच संध्याकाळी पाऱ्याला घेऊन माळावर गेले.

दोन-चार दिवसांत माझ्या ध्यानात आलं की खरी अडचण दुसरीच आहे. आप्पांनी पाऱ्याला शिकारीचं शिकवलेलं. ससा उठायच्या आधी दोरी ताणून धरायची, म्हणजे कुत्र्यानं समजायचं, तयार राहा. ससा उठला की दोरी सैल, म्हणजे पळ. त्यामुळे मी ओढून धरला की पारा थरथरत तयार व्हायचा, आणि सोडला की सुटायचा. ताण आणि सैल, दोन्हींचा अर्थ त्याच्या लेखी शिकारच. नुसतं बरोबर चालायचं, असं तिसरं काही त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

"समोर पळणारं काही नसलं की हा साधू असतो," आप्पा म्हणाले. "पण रिंगणात समोर दुसरं कुत्रं पळणार. मग?"

पुढच्या रविवारी जयसिंग आला. बरोबर माईंनी दिलेली मऊ सुताची दोरी होती आणि तोंडी सूचना. तो अंगणात उभा राहून पाठ केल्यासारखा म्हणायला लागला, "माईनं सांगितलंय, दोरी गळ्यात खाली उतरू द्यायची नाही, कानांच्या मागं वर बसली पाहिजे. उरलेली घडी घालून मुठीत. लोंबता कामा नये. कुत्रा डाव्या हाताला. आणि जज आणि कुत्रा यांच्यामध्ये आपण कधीही यायचं नाही. आणि..."

"आणि काय?"

"आणि मी संध्याकाळपर्यंत परत यायचंय."

"तुम्हाला सायकल येते का?" मी विचारलं.

तो गोंधळला. "येते की."

"मग आमच्यापुढं चालवा. जोरात. आमचा ससा तुम्ही."

लग्न ठरलेल्या मुलाला त्या काळी कुणी असं बोलत नसे. पण जयसिंगनं सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या, आप्पांची सायकल घेतली आणि निघाला. पाऱ्यानं त्याला ओढ्यापाशी गाठलं. सायकल एकीकडे, जयसिंग एकीकडे, आणि पारा त्याच्या छातीवर पाय ठेवून शेपटी हलवतोय. मी धापा टाकत पोचले तेव्हा जयसिंगच्या कोपरातून रक्त येत होतं आणि तो हसत होता.

"माईला काय सांगू?"

"पडलो म्हणून सांगा."

"कुणामुळं ते नको?"

त्या दिवसानंतर तो दर रविवारी येऊ लागला. सूचना संपल्या होत्या, पण सायकल होती ना! आप्पा ओसरीवर बसून ओरडायचे, "जावईबापू, हळू! अजून लग्न व्हायचंय!"

हळूहळू मला एक युक्ती सापडली. दोरी सैल ठेवायची, पण करंगळीनं तिला सारखं हलकेच टिचकावत राहायचं. ताण नाही, सुटका नाही. नुसतं, मी आहे, मी आहे, असं सांगत राहायचं. पारा कान मागं घ्यायचा आणि ऐकल्यासारखा चालायचा. पुढं शेळी चालली असली तरी चालायचा. सायकल सावकाश असली तरी चालायचा. पण सायकल वेगात निघाली की करंगळी बिंगळी सगळं वाऱ्यावर. कधी जमायचं, कधी नाही. असंच अर्धवट जमलेलं घेऊन आम्ही मार्चमध्ये कोल्हापूरला निघालो.

मैदानावर मांडव, झेंडे, बँड! कुणाची कुत्री गाडीच्या मागच्या सीटवर रेलून आलेली, कुणाच्या कुत्र्याला टॉवेलानं वारा घातला जातोय. बायका गॉगल लावून आलेल्या. मी पायात शाळेतले कॅनव्हासचे बूट घातले होते आणि पदर कमरेला घट्ट खोचला होता. एक बाई दुसरीला म्हणाली, "हे गावठी कुत्रं इथं कशाला आणलंय?" माईसाहेब तिथूनच चालल्या होत्या. थांबून म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, या जातीला पळताना बघा एकदा. तुमचा लॅब्रॅडोर त्याला जेवणाचं ताट वाटेल." मग माझ्याकडे वळल्या आणि अगदी वेगळ्या, कोरड्या आवाजात म्हणाल्या, "अट ती अट हं."

"होय माईसाहेब."

आमच्या गटात खरोखरच पारा एकटा होता. जज होते पुण्याचे दिनशॉजी, पांढरी हॅट घातलेले वयस्कर पारसी गृहस्थ. त्यांनी पाऱ्याला सरळ जाऊन यायला लावलं. समोर मोकळं मैदान, पळणारं काही नाही. पारा राजासारखा गेला, राजासारखा आला. "वा, सुंदर!" म्हणत त्यांनी आम्हाला शेवटच्या रिंगणात पाठवलं.

आणि मग शेवटच्या रिंगणाचा पुकारा झाला.

आम्ही चौघं आत गेलो. दिनशॉजींनी वेगवान कुत्री पुढं लावली. पहिला कैसर, त्याच्या मागं पारा, मग डॉक्टरीणबाईंचा लॅब्रॅडोर, शेवटी एका म्हाताऱ्या वकिलांचं पॉमेरियन. म्हणजे माझ्यापुढं नेमक्या माझ्या होणाऱ्या सासूबाई! काळ्या काठाची पांढरी साडी, ताठ पाठ, आणि त्यांच्या डाव्या हाताला काळाभोर कैसर, पाण्यावरून होडी जावी तसा वाहत चाललेला. त्यांची दोरी इतकी सैल होती की मध्ये झोका पडला होता.

पहिली फेरी चालत झाली. करंगळी टिचकत होती, पाऱ्याचे कान मागं होते. रिंगणाभोवती बांधलेल्या दोराच्या पलीकडे आप्पा टोपी हातात चुरगाळत उभे, शेजारी जयसिंग. आमची फेरी पुरी झाली तेव्हा जयसिंगनं दोन्ही मुठी वर केल्या.

"आता पळवा!" दिनशॉजी मधोमध उभे राहून ओरडले. "सगळे एकसाथ! आणि बाई, दुसरा नंबर, दोरी ढिली करा जरा. मला कुत्रा बघायचा हाय, तुमचा हात नाय!"

कैसर सुटला. अल्सेशियनची ती लांब टांगांची दुडकी, झुपकेदार शेपूट मागं लहरत. पाऱ्याची पाठ माझ्या मांडीजवळ थरथरली. ते थरथरणं मी ओळखत होते. समोर काहीतरी पळत होतं. दोरी ताणली तर तो तयार होणार, सोडली तर सुटणार. जज सोड म्हणत होते. मी सोडली.

तो निघाला, आणि मीही निघाले!

आता मागं खेचायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. खेचली की दोरी ताणली, ताणली की अट मोडली. तेव्हा तो जितका पळेल तितकं पळायचं. मी तोंड उघडं टाकून धावले. बुटाखाली माती उडाली, अंबाडा सुटला, पिना कुठं गेल्या कुणास ठाऊक. दोरी आम्हा दोघांच्या मध्ये सैल होती, देवाशप्पथ सैल होती! लोक उठून उभे राहिले. कुणी शिट्ट्या मारत होतं. "पळ गं पोरी!" आप्पांचा आवाज आला. माझ्या बापानं मला आयुष्यात कधी पळ म्हटलं नव्हतं.

पण माझे पाय ते किती पळणार! आतल्या बाजूनं जवळचा रस्ता घ्यावा तर मी जज आणि कुत्र्याच्या मध्ये येणार. बाहेरूनच धावायचं होतं. कैसरची शेपूट जवळ आली, आणखी जवळ आली, पाऱ्याची मान खाली गेली. आता तो झेपावणार. हातातली दोरी इंचाइंचानं सरळ होत चालली होती. माझ्या छातीत कळ आली. एवढ्यात माईसाहेबांनी मान वळवून मागं बघितलं. पाऱ्याकडे नाही, माझ्या हाताकडे.

दुसऱ्या क्षणी त्या ओळीतून बाहेर पडल्या. कैसरला घेऊन दोन ढांगा बाहेर, दोराला लागून, आणि तिथं त्याला बसवून त्या गुडघ्यावर टेकल्या.

पाऱ्यापुढं मैदान एकदम रिकामं झालं. बाकीची दोन कुत्री पार मागं राहिली होती. धावता धावता तो बिचकला. कुठं गेलं ते? त्याचा वेग उतरला. मी करंगळीनं टिचकी दिली. एक. आणखी एक. आणि त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. माळावर मी त्याला इतक्या वेळा पळताना पाहिलं होतं, पण पळता पळता त्यानं माझ्याकडे बघितलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

उरलेली अर्धी फेरी आम्ही दुडकत केली. त्याचा खांदा माझ्या मांडीशी, दोरीला छान झोका. मी हसत होते की रडत होते ते मला आजही सांगता येणार नाही. जिथून सुरुवात केली त्या चुन्याच्या रेघेवर आम्ही थांबलो तेव्हा टाळ्या थांबत नव्हत्या.

दिनशॉजी माईसाहेबांकडे गेले. "अरे बाई, काय झाला? तुमचा कुत्रा तर फर्स्टक्लास चालत होता!"

"पायात काटा गेला हो त्याच्या," माईसाहेब म्हणाल्या. "लंगडायला लागला. नाइलाज झाला."

"फेरी सोडली तर मला नंबर देता नाय येणार."

"नियम मला ठाऊक आहे, साहेब."

करंडक लॅब्रॅडोरला गेला. पारा दुसरा आला. डॉक्टरीणबाई करंडक छातीशी धरून माईसाहेबांसमोरून दोनदा गेल्या. जयसिंग हळूच म्हणाला, "माई, गेला की गं करंडक." त्या म्हणाल्या, "जाऊ दे. बसू दे बाईला वर्षभर चिंच लावून घासत."

संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी चहाला गेलो. कैसर अंगणात पडला होता. मला चैन पडेना. माझी फेरी पुरी झाली आणि या मुक्या जनावराच्या पायात काटा, असं वाटून मी त्याच्याजवळ बसले आणि पुढचा पाय हातात घेतला. बोटांच्या मध्ये बघितलं, गादीवरून अंगठा फिरवला. काही नव्हतं. दुसरा पाय घेतला. मग मागचा.

"काय शोधतेस?" माईसाहेब दारात उभ्या होत्या.

"काटा. कुठल्या पायात आहे?"

"बघ की सापडतोय का."

मी चौथा पाय बघितला. मग त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी ओसरीत कुणी नाही याची खात्री केली आणि पायरीवर बसल्या.

"माईसाहेब, काटा नाहीये."

"नाहीच."

"पण करंडक... तिसरं वर्ष होतं ना!"

"दोन वर्षं उराशी धरून बसले होते मी त्याला," त्या म्हणाल्या. "पण मागं बघितलं, आणि तुझा तो हात दिसला. जीव गेला असता पण तू दोरी ओढली नसतीस. आणि मी मेली तुझ्यापुढं पळतेय! मी अशीच पुढं पळत राहिले असते, तर ते पोर माझ्याच मागं लागलं असतं. तुझ्याकडं बघायला सवड कुठली मिळायची त्याला?"

मी नुसती कैसरच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

"आणि हे बघ," त्या उठताउठता म्हणाल्या, "आत जाऊन बडबडू नकोस. काटा होता. बाभळीचा. तू काढलास."

वैशाखात लग्न झालं. वरातीत पाऱ्याच्या गळ्यात झेंडूची माळ होती, ती त्यानं वेशीपर्यंत खाऊन टाकली. उंबरठा मात्र माझ्या मागोमाग नीट ओलांडला.

आप्पा ठाण्याला दादाकडे सोळा वर्षं राहिले. दिवाळीला यायचे तेव्हा आधी पाऱ्याला भेटायचे, मग मला. पुढं शिकारीला बंदी आली आणि पाऱ्याचं ससे मारणं संपलं, पण तेरा वर्षांचा होऊन झोपेतच गेला तोवर झोपेत पाय हलवून पळायचा. कैसरचं पोट आमच्या लग्नाच्या वर्षीच पावसाळ्यात बिघडलं आणि तो गेला. माईंनी नंतर दुसरा अल्सेशियन घेतला, पण करंडकाचा विषय काढला नाही. दिनशॉजी आणखी काही वर्षं कोल्हापूरला येत राहिले. दरवेळी मला विचारायचे, "बाई, आज चालणार की धावणार?" जयसिंगच्या कोपरावर ओढ्याकाठची खूण शेवटपर्यंत राहिली. सहा वर्षांपूर्वी ते गेले. मी स्वतः गुडघ्यांनी साथ सोडेपर्यंत रिंगणात उतरत होते. आता कट्ट्यावर बसून दुसऱ्यांच्या दोऱ्यांवर टीका करते.

माई ऐंशी पार करून गेल्या. अखेरच्या आजारात त्यांना बघायला डॉक्टरीणबाई यायच्या. तेव्हा त्याही थकल्या होत्या. बसल्या की विषय हटकून त्या फेरीवर यायचा. "तुमच्या कैसरला काटा लागला नसता तर करंडक तुमचाच होता," त्या मोठ्या मनानं म्हणायच्या. माई उशीवरून मान उचलायच्या. "काटा म्हणजे केवढा!" आणि पांघरुणातून हात काढून दाखवायच्या. पहिल्यांदा नखाएवढा, मग पेराएवढा, आणि अगदी शेवटी शेवटी बोटभर.

मग त्या माझ्याकडे बघायच्या.

"होय," मी म्हणायचे, "मीच काढला."